उपाशी पोटी ९८, जेवल्यावर २०४: लातूरच्या मोंढ्यातलं एक प्रकरण

पुरुष, वय ४६. लातूरच्या मोंढ्यात (शेतमालाच्या बाजारात) एका आडत दुकानावर मुनीम. राहायला औसा तालुक्यात, रोज मोटारसायकलनं ये-जा. तंबाखू नाही, दारू नाही. वडिलांना पन्नाशीतच शुगर निघालेली. (अशा रुग्णांत वारंवार दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून हे प्रकरण मांडलं आहे, व्यक्ती कुणी एक नाही.)

तक्रार अशी की दुपारचा डबा खाल्ला की पाऊण तासात वहीवर मान पडायला लागते आणि चार वाजले की पोटात खड्डा पडल्यासारखी भूक लागते. मग चहा, बिस्किटं, कुणी पेढे आणले असतील तर पेढे. जेवणानंतरची सुस्ती हे काही मधुमेहाचं लक्षण नव्हे, ती कुणालाही येते. पण घरात आजार असल्यामुळं यांनी रक्त तपासलं. उपाशी पोटी ९८, जेवणानंतर १३२ (साखरेचे सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर). दोन्ही नॉर्मल. "शुगर नाही म्हणाले," एवढं ऐकून रिपोर्ट कपाटात गेला. वर्षभरानं दुसऱ्या कारणासाठी केलेल्या तपासणीत एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारा आकडा) ६.१, म्हणजे नॉर्मलच्या वर आलं, तेव्हा तो कागद पुन्हा बाहेर निघाला.

तो १३२ आला कुठून

जेवणानंतरच्या रिपोर्टवर नुसता आकडा असतो. काय खाल्लं, कधी खाल्लं, रक्त कधी काढलं, हे त्यावर नसतं. इथं विचारत गेल्यावर असं निघालं: सकाळी साडेआठला उपाशी पोटीचं रक्त दिलं. "आता खाऊन या" म्हटल्यावर बाहेरच्या हॉटेलात दोन इडल्या आणि बिनसाखरेचा चहा घेतला. बिनसाखरेचा का, तर तपासणी होती म्हणून. मग बाजारातली दोन कामं पायी उरकली आणि पावणेबाराला परत येऊन हात पुढं केला.

म्हणजे तीन गोष्टी एकदम झाल्या. खाणं रोजच्या जेवणाच्या निम्म्यानंही नव्हतं. खाल्ल्यावर चालणं झालं, आणि चालताना स्नायू साखर ओढून घेतात. वेळही दोन तासांऐवजी तीनच्या घरात गेली. दोन तासांची मोजणी पहिल्या घासापासून करायची असते. हात धुतल्यापासून किंवा बिल दिल्यापासून नाही.

चौथी शक्यता नमुन्याची. साध्या बाटलीत ठेवलेल्या रक्तातल्या पेशी साखर खात राहतात. साखर तासाला साधारण ५ ते ७ टक्क्यांनी उतरते, उन्हाळ्यात त्याहूनही जास्त. तालुक्याच्या ठिकाणी रक्त काढायचं, दुपारच्या गाडीनं मोठ्या लॅबला पाठवायचं, ही पद्धत आपल्याकडं सर्रास आहे. त्यासाठीच राखाडी झाकणाची फ्लोराइडची बाटली असते. फ्लोराइडलाही पूर्ण काम करायला तास-दोन तास लागतात, म्हणून नमुना गार ठेवणं आणि सीरम किंवा प्लाझ्मा लवकर वेगळा करणं महत्त्वाचं. रक्त देताना झाकणाचा रंग बघून घ्या. लॅबवाल्याला वाईट वाटलं तरी विचारा.

तपासताना काय दिसलं

उंची १६५ सेंमी, वजन ६६ किलो, बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) २४.२. हातपाय बारीक, शर्टाची दोन बटणं पोटावर ताणलेली. बेंबीच्या रेषेत कंबर ९५ सेंमी. भारतीय पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंमीच्या पुढं कंबर गेली की धोका धरतात. बीएमआयही आपल्याकडं २३ पासूनच जास्त मानतात. "जाड कुठाय तो?" असं घरचे म्हणतात ते अशाच माणसाबद्दल. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या भारतीय ठेवणीवर वर्षानुवर्षं काम केलं आहे. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. यडकिन यांचा शेजारी-शेजारी फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३. अंगातली चरबी मात्र यडकिन यांच्यात ९.१ टक्के, याज्ञिकांच्यात २१.२.

मानेच्या मागं कातडी काळसर, जाडसर, मखमलीसारखी. घरच्यांना तो मळ वाटायचा, घासून घासून कातडी सोलायची पाळी आलेली. तो मळ नसतो. रक्तात इन्सुलिन फार काळ चढं राहिलं की कातडीच्या पेशी वाढतात. काखेत दोन-तीन बारीक चामखिळी. रक्तदाब १३६/८८.

रक्तात ट्रायग्लिसराइड (एक प्रकारची चरबी) २३६, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३४. भागाकार जवळजवळ ७. तो ३ च्या वर गेला तरी इन्सुलिन प्रतिरोधाची, म्हणजे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही याची, शंका घ्यावी. एसजीपीटी (यकृताची तपासणी) ६२, सोनोग्राफीत यकृतावर चरबी. हिमोग्लोबिन १४.२. हे शेवटचं मुद्दाम बघितलं, कारण लोहाच्या कमतरतेनं एचबीए१सी खोटं वर जातं, तर रक्तस्राव किंवा रक्त चढवल्यानंतर खोटं खाली येतं. आपल्या भागात बायकांच्या रिपोर्टमध्ये ६.० आणि हिमोग्लोबिन ८ असं दिसलं, तर आधी रक्तक्षयाकडं बघावं लागतं.

उपाशी पोटीचं इन्सुलिन १९ आलं. होमा-आयआर (हा प्रतिरोध किती ते सांगणारा आकडा) काढायचा तर उपाशी साखर गुणिले उपाशी इन्सुलिन भागिले ४०५. इथं ९८ × १९ ÷ ४०५ = ४.६. आपल्याकडं साधारण २.५ च्या वर गेलं की प्रतिरोध धरतात, पण सगळ्यांना लागू पडेल अशी एकच सीमा नाही. दोन लॅबची इन्सुलिन मोजायची पद्धत वेगळी असते, तेव्हा एका लॅबचा आकडा दुसरीशी ताडून उपयोग नाही. खरं सांगायचं तर ही तपासणी इथं केली नसती तरी चाललं असतं. कंबर, मान, ट्रायग्लिसराइड आणि यकृत एवढ्यावरून निदान उघड होतं. त्या पैशात चाचणीपट्ट्यांची एक बाटली आली असती, आणि तिनं जास्त शिकवलं असतं.

उपाशी पोटी सगळं ठीक का दिसतं

रात्रभर आपण जेवत नाही, तरी सकाळी रक्तात साखर असते. ती यकृत पुरवतं. उपाशी पोटीचा आकडा मुख्यतः यकृत ताब्यात आहे की नाही हे सांगतो. जेवणानंतरची गोष्ट वेगळी. तेव्हा आलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायूंनी उचलायचा असतो. इन्सुलिनचा इशारा मिळाला की स्नायूंच्या पेशींतली ग्लुट-४ नावाची वाहक प्रथिनं आतून पृष्ठभागावर येतात आणि साखर आत घेतात. स्नायूंत आणि यकृतात चरबी मुरली की हा इशारा पेशीत पोचतो, पण पुढं सरकत नाही. यालाच इन्सुलिन प्रतिरोध म्हणतात.

स्वादुपिंड त्यावर जादा इन्सुलिन सोडतं. मोंढ्याच्या भाषेत सांगायचं तर गाडीतली पोती तेवढीच, वेळेत उतरतातही. फक्त चार हमालांच्या जागी दहा लावावे लागतात. गाडी रिकामी झाली एवढंच बघणाऱ्याला काही बिघडलंय असं वाटत नाही. साखर नॉर्मल आणि इन्सुलिन दुप्पट, ही अवस्था वर्षानुवर्षं चालू शकते. त्या काळात चढं इन्सुलिन यकृताकडून चरबी तयार करून घेतं, म्हणून ट्रायग्लिसराइड वर. पुढं स्वादुपिंडाचा सुरुवातीचा जोर ओसरतो, जेवणाला लागलीच सुटणारं इन्सुलिन उशिरा आणि अपुरं येतं. तेव्हा पहिल्यांदा जेवणानंतरचा आकडा चढतो, आणि बऱ्याच जणांत उपाशी पोटीचा त्यानंतर कधीतरी. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस अभ्यासाच्या अंदाजानुसार मधुमेहाचं निदान होईपर्यंत इन्सुलिन बनवायची निम्मी क्षमता गेलेली असते.

घरी मोजलं ते कसं

डॉक्टरांनी ग्लुकोमीटर आणि पंचवीस पट्ट्या घ्यायला लावल्या. रोज एकच जेवण निवडायचं: पहिल्या घासाआधी एक, पहिल्या घासानंतर एक तासानं दुसरी, दोन तासांनी तिसरी. सहा दिवस. एक नियम कडक होता. पहिल्या तीन दिवसांत खाण्यात काहीही बदल करायचा नाही. मोजायचं म्हटलं की माणूस आपोआप कमी खातो, आणि मग काय मोजलं तेच कळत नाही.

पद्धत: हात साबणानं धुऊन कोरडे करायचे. स्पिरिट लावलंच तर पूर्ण वाळू द्यायचं, ओलं राहिलं तर थेंब पातळ होतो. सुई बोटाच्या टोकाला टोचायची नाही, कडेला टोचायची. तिथं दुखतं कमी. मधलं किंवा करंगळीजवळचं बोट घ्यायचं. हात खाली सोडून अर्धा मिनिट हलवला की रक्त येतं. बोट दाबून दाबून काढलेल्या थेंबात पेशींमधलं पाणी मिसळतं. थेंब पट्टीवर ठेवायचा नाही, पट्टीची कड थेंबाला टेकवायची, ती आपण होऊन ओढून घेते. सुई दुसऱ्या कुणाला द्यायची नाही, घरातल्या माणसालाही नाही.

पट्ट्यांची बाटली हा मराठवाड्यातला खास प्रश्न. बहुतेक पट्ट्या ३० अंशांपर्यंत ठेवायच्या असतात आणि इथं एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या पुढं असतो. मोटारसायकलच्या डिकीत बाटली दोन तास राहिली तरी पट्ट्यांचा भरवसा संपला. फ्रिजही नको, बाहेर काढल्यावर ओल धरते. घरातल्या सगळ्यात गार खोलीत, माठाजवळ पण माठाला न टेकवता, झाकण घट्ट लावून ठेवायची. फोडल्याची तारीख बाटलीवर पेनानं लिहायची. किती महिन्यांत संपवायची ते वेष्टनावर असतं.

मीटरचा आकडा दगडावरची रेघ नसतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार १०० च्या वर १५ टक्के इकडं-तिकडं चालतं. लॅबमध्ये १८० असलेली साखर मीटर १५५ किंवा २०५ दाखवू शकतो. शिवाय जेवणानंतर बोटातल्या रक्तातली साखर शिरेतल्यापेक्षा जास्तच असते. तेव्हा मीटरवरून मधुमेहाचा शिक्का मारायचा नाही. त्याचं काम दोन जेवणांची तुलना करणं.

वहीतले आकडे

सकाळी दोन मोठ्या वाट्या सुशीला (भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा नाश्ता) आणि दोन चमचे साखरेचा चहा: आधी १०३, एका तासानं १८६, दोन तासांनी १४९. मुरमुरे हलके लागतात म्हणून ते हलकं खाणं समजलं जातं. ते फुललेले तांदूळच, आणि फुलल्यामुळं आणखी लवकर पचतात.

दुपारचा डबा, तीन भाकरी, बटाट्याचं कोरड्यास (भाजी), थोडं वरण: आधी १०१, एक तास २०४, दोन तास १७२. इथं घरात वाद झाला. "ज्वारी खाल्ल्यानं शुगर होत नाही, आमचे आजोबा जन्मभर भाकरच खात होते." भाकरी मोजल्या. एका भाकरीला ८० ग्रॅम पीठ, तीनचं २४०. भारतीय अन्नघटक तक्त्यात ज्वारीत १०० ग्रॅमला जवळपास ६८ ग्रॅम कर्बोदकं दिली आहेत, गव्हाच्या पिठात ६४, पांढऱ्या तांदळात ७८. म्हणजे एका जेवणात नुसत्या भाकरीतून १६३ ग्रॅम. आजोबा तीन भाकरी खाऊन दिवसभर पाभर आणि कोळपं धरायचे. नातू खाऊन गादीवर टेकतो. ज्वारी वाईट नाही, तिच्यात १० टक्के चोथा आहे आणि भातापेक्षा ती केव्हाही बरी. पण साखर ठरते ती ताटात किती आली यावर.

रात्री पावणेदहाला दोन पोळ्या, वर ताटभर भात, आमटी: आधी १०७, मग २१३, मग १८८. दुसऱ्या दिवशी सकाळी १०६.

मधेच एकादशी आली. साबुदाण्याची खिचडी एक मोठी ताटली आणि वर दोन केळी: ९९, २२९, १९३. सगळ्यात मोठी उडी उपवासाच्या दिवशी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट. दाण्याचा कूट थोडा आवर घालतो, पण दोन केळ्यांपुढं त्याचं काय चालणार.

आणि एक आकडा २८७. जेवणाआधीचा. घाबरून फोन आला. विचारल्यावर कळलं की दुकानात गुळाचा सौदा चालू होता आणि ढेपेचा तुकडा बोटानं मोडून चाखून झालेला. हात पँटला पुसले, पाण्यानं धुतले नाहीत. धुऊन दुसऱ्या बोटाचं बघितलं तर १०४. आंबा, सीताफळ, ऊस, गूळ हाताळणाऱ्यांनी हे डोक्यात ठेवावं. असा अचानक मोठा आकडा आला की हात धुऊन पुन्हा बघायचं, लगेच गोळी वाढवायची नाही.

शिक्कामोर्तब लॅबमध्ये

मग लॅबमध्ये ग्लुकोज पिऊन करायची चाचणी केली. तिच्याआधी तीन दिवस नेहमीसारखं जेवण, त्यात किमान १५० ग्रॅम कर्बोदकं. भाकरी बंद करून गेलं तर चाचणी खोटी वर जाते. रात्रभर ८ ते १४ तास उपाशी. मग ७५ ग्रॅम निर्जल ग्लुकोज (पाण्याचा एक रेणू असलेलं, म्हणजे मोनोहायड्रेट, असेल तर ८२.५ ग्रॅम) २५० ते ३०० मिली पाण्यात, पाच मिनिटांत पिऊन संपवायचं, दोन तास बसून राहायचं. चालणं नाही, बिडी नाही, चहा नाही. उलटी झाली तर चाचणी रद्द.

आकडे आले १०१, एका तासानं २०३, दोन तासांनी १७६. दोन तासांचा १४० च्या आत नॉर्मल, १४० ते १९९ मधुमेहपूर्व, २०० पासून मधुमेह. एका तासाच्या आकड्यालाही २०२४ पासून आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघानं सीमा दिल्या आहेत: १५५ पासून मधुमेहपूर्व, २०९ पासून मधुमेह. म्हणजे हे मधुमेहपूर्व अवस्थेच्या वरच्या काठावर. आणि एचबीए१सी ६.१ म्हणजे सरासरी साधारण १२८. त्या सरासरीत दुपारचे २०४ आणि पहाटेचे ९५ एकमेकांत मिसळून जातात.

मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी लगेच सुरू केली नाही, तीन-चार महिने राखून ठेवली. याला आधार आहे. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या २००६ च्या अभ्यासात अशाच भारतीय रुग्णांत आहार-व्यायामानं मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला, मेटफॉर्मिननं २६.४ टक्क्यांनी आणि दोन्ही मिळून २८.२. गोळी जोडल्यानं भर पडली नाही.

एका वेळी एकच बदल

पुढच्या पट्ट्या अशा खर्च केल्या की काय केल्यानं किती उतरतं ते वेगवेगळं दिसावं. पहिल्यांदा डबा तोच, तीन भाकरी. फक्त जेवून उठल्यावर मोंढ्यातच पंधरा मिनिटं फेरी. एका तासाचा आकडा २०४ वरून १७३. हालचाल करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघता साखर घेतो, म्हणून प्रतिरोध असला तरी हे चालतं.

मग चालणं बंद ठेवून ताट बदललं. दोन भाकरी, प्रत्येकी ५५ ग्रॅम पिठाची. घरी काटा नव्हता, म्हणून एकदा किराणा दुकानात पीठ तोलून त्या मापाची वाटी ठरवली. सोबत मटकीची उसळ, दही, शेंगदाण्याची चटणी, आणि आपल्याकडं भाकरीबरोबर खातातच ती कांद्याची पात आणि कच्ची मेथी. आधी पाला आणि उसळ खायची, भाकरीला नंतर हात लावायचा. १०० वरून १६४, दोन तासांनी १३६. दोन्ही एकत्र केल्यावर १४९ आणि १२४.

चहा पाच कप, कपाला दोन चमचे, चमचा ५ ग्रॅम: दिवसाला ५० ग्रॅम साखर नुसती चहातून. एकदम फिका चहा जमला नाही. दोन कप, अर्ध्या चमच्यावर तडजोड झाली. रात्रीचं जेवण आठच्या आत आणणं सगळ्यात अवघड गेलं, कारण दुकानाचा हिशेब सात-साडेसातशिवाय मिटत नाही आणि पुढं घरापर्यंतचा रस्ता. शेवटी संध्याकाळी सहाला दुकानातच फुटाणे आणि ताक, घरी गेल्यावर एक भाकरी आणि पिठलं, भात आठवड्यातून दोनदा. पुस्तकातला तक्ता देण्यापेक्षा हे बरं.

एक इशारा इथंच. ज्यांना ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी डॉक्टरांना न विचारता भाकरी निम्म्यावर आणून चालायला सुरुवात करू नये. साखर ७० च्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, गोंधळ वाटला तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून घ्यायचं, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट दवाखाना. गरोदर बाईंना वरच्या सीमा लागू नाहीत. त्यांच्या सीमा बऱ्याच खालच्या असतात.

चार महिन्यांनी

वजन ६२.४, कंबर ९०.५. उपाशी साखर ९४, त्याच लॅबचं इन्सुलिन ११.५, होमा २.७. ट्रायग्लिसराइड १५८, एचडीएल ३८. एचबीए१सी ५.८. रक्तदाब १२८/८२. ग्लुकोजनंतर दोन तासांचा आकडा १७६ वरून १४८. प्रतिरोध बराच सैल झाला, पण १४८ म्हणजे अजून मधुमेहपूर्वच, आणि ते तसंच स्पष्ट सांगितलं. मानेचा काळसरपणा थोडा फिका; तो सगळ्यात उशिरा जातो.

लग्नसराईत दोन आठवडे बिघडले. बुंदी, जिलेबी, रात्री अकराची पंगत. एका तासाचे आकडे पुन्हा दोनशेच्या आसपास. चार दिवस जुन्या ताटावर परतल्यावर उतरले. मेटफॉर्मिनचा विषय संपलेला नाही. पुढच्या तपासणीत एचबीए१सी ६ च्या वर गेलं किंवा कंबर वाढली तर सुरू करायचं ठरलं आहे. रोज बोट टोचायची गरज नाही. महिन्यातून एकदा नेहमीच्या दुपारच्या जेवणाच्या तीन पट्ट्या पुरे. उपाशी पोटीची साखर, एचबीए१सी आणि लिपिड वर्षातून एकदा, लॅब तीच. खूप तहान, वारंवार लघवी, विनाकारण वजन उतरणं यांपैकी काही दिसलं तर वर्षाची वाट बघायची नाही.

धाकट्या भावालाही बोलावून घेतलं. वय ३९, कंबर ९३, मान तशीच. तीस वर्षांच्या पुढच्यांची साखर आणि रक्तदाब गावातल्या उपकेंद्रावर फुकट बघतात. तिथं त्याची कधीतरीची (रँडम) साखर १२१ आली. पण ती सकाळी अकराला, नाश्ता न करता, म्हणजे खरं तर उपाशी पोटीचीच. त्याला दुपारी, भाकर खाऊन, पहिल्या घासापासून एक तासानं पुन्हा मोजायला सांगितलं आहे.